डब्यातल्या सॅलडला पाणी सुटतं, ड्रेसिंग पातळ होतं: दोष कुठे आहे आणि काय करायचं

सकाळी साडेसहाला कालवलेलं सॅलड. काकडी, कोबी, थोडी सिमला मिरची, पनीरचे तुकडे आणि वर दह्याचं दाट ड्रेसिंग. डब्यात भरताना चमचा उभा राहील इतकं घट्ट. दुपारी एक वाजता झाकण काढलं तर तळाशी बोटभर पांढरट पाणी, कोबी लिबलिबीत, पनीर पाण्यात तरंगतंय आणि ड्रेसिंग कुठे गेलं ते कळत नाही. पाणी ओतून द्यावं तर मीठ, मिरपूड, लिंबू सगळं त्याच्याबरोबर वाहून जातं आणि खाली उरतो तो बेचव पाला.

आमच्याकडे हे रोजचं झालं होतं. यांच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी दुपारच्या पोळ्या आणि भात कमी करायला सांगितला, आणि तेव्हापासून डब्यातलं सॅलड हेच जेवण झालं. (इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगाच. औषध तेवढंच ठेवून जेवणातलं पिष्ट एकदम घटवलं तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते.) पहिल्याच आठवड्यात दोनदा डबा गळून बॅग ओली झाली. तिसऱ्या आठवड्यात हे म्हणाले, "उद्यापासून पोळीभाजीच दे गं, हे गार पाणी नाही उतरत घशाखाली." त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या पाहण्यातली बरीच पथ्यं अशीच मोडली आहेत. डबा उघडल्यावर समोर जे येतं ते खावंसंच वाटत नाही.

कोशिंबीर आपण पिढ्यानपिढ्या करतो, मग हा प्रश्न आपल्याला नवा का वाटतो, याचा मी बराच विचार केला. कोशिंबीर पानं घ्यायच्या वेळी कालवतात. ती डाव्या बाजूला चमचा-दोन चमचे असते आणि अर्ध्या तासात संपते. पाणी तिलाही सुटतं, पण ते दिसायच्या आत ताट रिकामं होतं. कमी कार्बचं, म्हणजे पिष्ट आणि साखर कमी असलेलं सॅलड मात्र पोटभर लागतं आणि त्याला डब्यात सहा-सात तास बसायचं असतं. पाककृती तीच ठेवून नुसतं प्रमाण वाढवलं की फजिती ठरलेली.

आधी दोष कुणाचा ते बघा

ड्रेसिंग पातळ झालं की आपण ड्रेसिंगच घट्ट करायला जातो. मीही गेले. दही बदललं, साय वाढवली, एकदा तर कॉर्नफ्लोअर शिजवून घातलं. पाणी होतं तेवढंच राहिलं. शेवटी एका रात्री दोन वाट्या मांडल्या. एकीत नुसतं ड्रेसिंग, दुसरीत नेहमीसारखी चिरलेली भाजी, तिला रोजच्याइतकं मीठ लावून. दोन्हींवर झाकण ठेवून फ्रिजमध्ये. सकाळी ड्रेसिंगवर जेमतेम चमचाभर पिवळसर पाणी होतं आणि भाजीच्या वाटीत तळाला पाव वाटी. इतके दिवस माझा सगळा राग दह्यावर होता आणि पाणी मुख्यतः काकडीचं होतं.

तुम्हीही ही दोन वाट्यांची परीक्षा एकदा करा, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो. भाजीच्या वाटीत पाणी आलं तर ड्रेसिंगला हातही लावू नका, भाजी सुधारा. ड्रेसिंगच्या वाटीत वर पिवळसर-हिरवट पाणी आलं तर ती दह्याची निवळ आहे, दही टांगलेलं पुरत नाही. आणि वर तेलाचे डोळे तरंगताना दिसले, खाली दाणेदार काहीतरी बसलं, तर ड्रेसिंग फाटलंय. तो तिसराच आजार आहे आणि त्याचं औषधही वेगळं. तिन्ही एकाच डब्यात एकदम झालेलंही मी पाहिलं आहे.

भाजीचं पाणी

काकडीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. टोमॅटोत जवळपास तितकंच, कोबीत ९२ टक्क्यांच्या आसपास. हे पाणी पेशींच्या आत बंद असतं. चिरताना काही पेशी फुटतात, तेवढं पाणी लगेच येतं. उरलेलं मीठ ओढून काढतं. शाळेत परासरण शिकलो होतो तेच: बाहेर खारट, आत गोडं पाणी, मग आतलं पाणी पडद्यातून बाहेर निघतं. हे काम मीठ दोन मिनिटांत करत नाही, सावकाश तासन् तास करत राहतं. म्हणून सकाळी चव घेताना सगळं उत्तम असतं आणि दुपारी डबकं होतं. साखरही हेच करते. कोशिंबिरीत आपण सवयीने जी चमचाभर साखर घालतो, ती काढली की कार्ब तर कमी होतातच, पाणीही थोडं कमी सुटतं.

उपाय माझ्या सासूबाईंच्या हातात होता आणि मी तो रोज बघत होते. दोन वाट्या ओट्यावर ठेवून मी विचार करत उभी होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, काकडी पिळून घेतलीस का?" मी म्हटलं, "आई, सॅलडची काकडी कोण पिळतं?" त्यांनी काही न बोलता उरलेली काकडी घेतली, विळीवर कोचवली, मीठ लावून बाजूला ठेवली आणि चहा झाल्यावर दोन तळव्यांत मूठ मूठ घेऊन पिळली. खमंग काकडी करताना त्या हेच करतात. तळवे एकमेकांवर दाबताना मनगटाला थोडा पीळ देतात, आणि शेवटचे थेंब पडायचे थांबले की मूठ उघडतात. हातात उरतो तो फिकट हिरवा, घट्ट गोळा. तो झटकला की मोकळा होतो आणि दाताखाली अजून कचकचतो. मला वाटायचं पिळल्याने काकडी मऊ होते. न पिळलेली काकडी पाण्यात बसून जास्त मऊ पडते.

यामागचं तत्त्व मला पटलं ते असं: जे पाणी दुपारपर्यंत सुटणारच आहे, ते सकाळी घरीच सोडवून घ्यायचं.

आता नेमकं कसं. अर्धा किलो काकडीला एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरतं. सालं काढा किंवा ठेवा, पण उभी दोन भागांत चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून टाका. सगळ्यात सैल पाणी तिथेच असतं, आणि काकडी जरा जून असेल तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. डब्यासाठी किसू नका, फार बारीक कोचवूही नका. अर्ध्या सेंटिमीटरच्या अर्धचंद्राकृती फोडी करा. मीठ चोळून चाळणीत घाला, खाली पातेलं ठेवा, अर्धा तास विसरून जा. मग जुन्या मलमलीत किंवा पातळ पंचात गुंडाळून पिळा. मध्यम आकाराच्या दोन काकड्यांतून मला अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी मिळतं. तेवढं पाणी आधी ड्रेसिंगमध्ये जात होतं, म्हणजे ड्रेसिंग कितीही दाट केलं असतं तरी टिकलं नसतं.

पिळून झालं की एक फोड खाऊन बघा. मिठाचा बराचसा भाग पाण्याबरोबर जातो, तरी खारट वाटली तर फोडी गार पाण्यातून एकदा झरकन काढून पुन्हा पिळा. रक्तदाबाचं पथ्य असेल तर हे दरवेळीच करा. आणि यानंतर सॅलडला वरून मीठ घालायचं नाही, ड्रेसिंगमध्येही नाही. भाजीचं मीठ भाजीत आहे. ड्रेसिंगमधलं मीठ भाजीला लागलं की पाणी सुटायला पुन्हा सुरुवात होते. माझ्या मते सगळ्यात जास्त घरांत चूक होते ती इथे.

कोबी वेगळा वागतो. त्यात पाणी भरपूर असतं, पण तो ते सहज सोडत नाही. लांब पातळ चिरलेल्या कोबीला पाव चमचा मीठ लावून हाताने दोन मिनिटं चुरा, कणीक तिंबतो तसं, पण हलक्या हाताने. दहा मिनिटांत तो निम्मा होऊन बसतो आणि पिळला की पाणी निघतं. असा कोबी दुपारपर्यंत तसाच राहतो. मेयोनीज घालून करतात ते कोलस्लॉ पातळ होण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं, मेयोनीजला उगीच दोष मिळतो. पचडी करताना चुरलेला कोबी आपण लगेच खातो म्हणून पिळत नाही, डब्यासाठी मात्र पिळायला हवा.

टोमॅटो मी डब्याच्या सॅलडमध्ये घालणं बंद केलं आहे. घालायचाच असेल तर आतला रस आणि बिया काढून नुसता बाहेरचा मांसल भाग घ्या. चेरी टोमॅटो मिळत असतील तर अख्खे टाका, न चिरता. कांदा चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला तर त्याचा उग्रपणा जातो, पण मग तो कापडावर नीट कोरडा करावा लागतो. मुळ्याला काकडीचाच नियम.

लेट्यूस, कोवळा पालक, मेथीचा कोवळा पाला यांची गोष्ट निराळी. यांच्यात चूक होते ती धुतल्यानंतर. पानांच्या वळ्यांमध्ये पाणी अडकून राहतं, आणि ओल्या पानाला तेलाचं किंवा दह्याचं कुठलंच ड्रेसिंग धरत नाही, घसरून तळाशी जातं. धुतलेली पानं मोठ्या सुती पंचात सैल बांधा, गच्चीवर किंवा न्हाणीघरात उभं राहून गाठोडं गरगर फिरवा. जमीन ओली होते, पानं कोरडी. मग कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पानांना मीठ कधीच लावू नका आणि ड्रेसिंग खाताना घाला, आधी नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली काकडी कधीकधी आतून गोठते. बाहेरून ठीक दिसते, चिरल्यावर काचेसारखी पारदर्शक. बर्फाने पेशी फाटलेल्या असतात, त्या काकडीला कुठलाच उपाय लागू पडत नाही. तिचा रस काढा किंवा पिठाच्या धिरड्यात किसून घाला. आणि काकडी कडू निघाली तर दोन्ही टोकं कापून पुन्हा चव बघा. तरी कडू असेल तर ती फेकून द्यायची, मीठ-मसाल्यात झाकायची नाही. तो कडवटपणा पोट बिघडवू शकतो.

दह्याचं पाणी

वाटीची परीक्षा केल्यावर तुमचा दोष ड्रेसिंगमध्ये निघाला असेल तर बहुतेक दही न टांगता वापरलं असणार. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी आणि तिच्यात अडकलेलं पाणी. विरजण लागलेलं दही आपण चमच्याने मोडलं की जाळी तुटते आणि निवळ मोकळी होते. भांड्यात एका बाजूने दही काढल्यावर खड्ड्यात पाणी साचतं ते हेच. मग मिक्सरमध्ये फिरवलं तर काय होईल ते सांगायलाच नको. मिक्सरमधून निघालेलं दही दिसायला मऊ, गुळगुळीत दिसतं, पण दहा मिनिटांत ताकाच्या वाटेला लागतं. दह्याच्या ड्रेसिंगला मिक्सर नको. ज्या मिरच्या, कोथिंबीर, लसूण वाटायचा तो वेगळा वाटा आणि दह्यात हाताने मिसळा.

चक्का घ्या. श्रीखंडाला करतो तसाच, फक्त जरा कमी वेळ टांगलेला. दूध मलईयुक्त घेतलंत, म्हणजे पिशवीवर फॅट ६ टक्के लिहिलेलं, तर चक्का गुळगुळीत होतो. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असते, त्याचाही चक्का होतो पण जरा खरखरीत लागतो आणि लवकर आंबट वाटतो. आम्ही रात्री नऊला दही मलमलीत बांधून गाळणीत ठेवतो, गाळणी पातेल्यावर, वर छोटी वाटी वजनाला, आणि सगळं फ्रिजमध्ये. ओट्यावर नळाला टांगलं तर उन्हाळ्यात रात्रभरात आंबटढाण होतं. सकाळी सहापर्यंत दही निम्म्यापेक्षा थोडं कमी उरतं. बोट फिरवून पुसलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे, रेघेत पाणी भरून आलं तर अजून तासभर ठेवा.

टांगण्याचा आणखी एक फायदा आहे. दह्यातली दुधाची साखर पाण्यात विरघळलेली असते, तिचा काही भाग निवळीबरोबर निघून जातो, आणि थोडा आंबटपणाही. म्हणजे ज्या आंबटपणावर आपण साखर घालत होतो तोच कमी झाला. पथ्याच्या माणसाच्या ड्रेसिंगमधून साखर काढताना चव बिघडू नये यासाठी माझ्याकडे हाच उपाय आहे: दही ताजं, रात्रीच टांगलेलं, आणि वर चमचाभर घरची साय. निवळ फेकू नका, घरातल्या बाकीच्यांच्या थालीपिठाच्या पिठात किंवा कढीत घाला.

आमचं रोजचं ड्रेसिंग असं: चक्का चार मोठे चमचे, साय एक चमचा, तेल एक मोठा चमचा, फेसलेली मोहरी अर्धा चमचा, लिंबाचा रस पाऊण चमचा, मिरपूड, आणि एक हिरवी मिरची कोथिंबिरीबरोबर वाटून. मीठ नाही. चक्का आधी एकटाच चमच्याने घोटायचा, गाठी मोडेपर्यंत. मग साय, मग तेल थोडं थोडं, लिंबू शेवटी. एका माणसाच्या वाट्याला यातून साधारण तीन-चार ग्रॅम कार्ब येतात. आलं घालायची सवय असेल तर डब्याच्या ड्रेसिंगमध्ये टाळा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, त्यामुळे दही तासातासाने सैल पडत जातं आणि कधी कडसर लागतं. फोडणी द्यायची असेल तर पूर्ण गार करून द्या. कडकडीत फोडणी चक्क्यावर पडली की तिथली प्रथिनं आखडतात आणि पाणी सोडतात, कडेला दाणे दिसायला लागतात.

फेसलेल्या मोहरीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हिच्यामुळे माझं ड्रेसिंग खरोखर सुधारलं. मोठा चमचाभर मोहरी खलबत्त्यात बारीक कुटायची. वाटीत काढून दोन चमचे साधं पाणी घालायचं आणि चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने घोटत राहायचं. आधी तपकिरी चिखल दिसतो. मग तो फिका होतो, पिवळट होतो, फुगतो, आणि कडेने बारीक फेस धरतो. त्या वेळी वाटीवर वाकलात तर नाकात झिणझिण्या येऊन डोळ्यांत पाणी येतं. तिथे थांबायचं. कोरड्या मोहरीत हा तिखटपणा नसतो, कुटलेल्या मोहरीची पाण्याशी गाठ पडली की तो तयार होतो. पाणी गरम घेतलं तर मात्र तिखटपणा तयारच होत नाही, नुसती कडवट मोहरी उरते. ही मोहरी आपण लोणच्यात वापरतो, काही घरांत काकडीच्या कोशिंबिरीतही. ड्रेसिंगमध्ये तिचं आणखी एक काम आहे: तेल आणि पाणी यांना ती एकत्र धरून ठेवते. मोहरीच्या सालीतला चिकट अंश तेलाच्या थेंबांभोवती बसतो आणि थेंब एकमेकांत मिसळून वर येत नाहीत. बाजारातल्या महागड्या मस्टर्ड सॉसच्या बाटलीत जे गुण शोधतात ते या वाटीत आहेत, शिवाय साखर नाही.

फाटलेलं ड्रेसिंग

मेयोनीजसारखं तेलाचं ड्रेसिंग करणाऱ्यांना ही अडचण येते. फाटण्याची कारणं फार नसतात. बहुतेक वेळा तेल घाईने ओतलेलं असतं. पहिलं पाव वाटी तेल थेंबथेंब जायला हवं, मिश्रण दाट व्हायला लागलं की मग बारीक धार चालते. फाटलंच तर टाकून देऊ नका. स्वच्छ भांड्यात एक चमचा फेसलेली मोहरी आणि एक चमचा पाणी घ्या, आणि फाटलेलं मिश्रण तेल समजून त्यात थेंबथेंब घालत फेटा. जवळजवळ दरवेळी जुळून येतं.

कच्च्या अंड्याबद्दल मी ठाम आहे: डब्यासाठी नको. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि डबा सहा तास कोमट हवेत राहतो. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली ती याच कारणाने. मेयोनीज हवंच असेल तर दुधाचं करा. अर्धा कप गार मलईयुक्त दूध, एक कप तेल, अर्धा चमचा फेसलेली मोहरी, सगळं उभ्या अरुंद भांड्यात घालून हँड ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करायचा आणि दाट पांढरं झाल्यावरच हळूहळू वर उचलायचा. लिंबू शेवटी घातलं की आणखी घट्ट होतं. यात तेल भरपूर आहे हे विसरू नका. कार्ब कमी असले तरी चमचे मोजून घ्यावे लागतात. आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये फिरवू नका, कडू होतं. ते हवं असेल तर शेवटी हाताने मिसळा. मी शेंगदाण्याचं फिल्टर तेल वापरते. त्याचा वास आमच्या जिभेला ओळखीचा आहे आणि काकडीशी छान जातं.

जे उपाय करून पश्चात्ताप झाला

कॉर्नफ्लोअर. एका मोठ्या चमच्यात सुमारे सात ग्रॅम कार्ब, आणि भाजीचं पाणी आलं की तेही पातळ होतं. ज्यासाठी पोळी सोडली तेच पीठ मागच्या दाराने आत घेतल्यासारखं झालं. मध घालून दाट करणं तर त्याहून वाईट, मोठ्या चमच्याला सतरा ग्रॅम. पाणी शोषायला उकडलेले मक्याचे दाणे घाला असंही मला कुणी सांगितलं होतं. शंभर ग्रॅम मक्यात वीस ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे सॅलडचा हेतूच गेला. गाजर आणि बीट शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास, ते रंगापुरते चालतात. काकडी साडेतीन, कोबी सहाच्या जवळ.

दाण्याचं कूट हा मात्र खरा उपाय आहे, फक्त घालायची वेळ चुकते. कूट पाणी शोषतं, म्हणून सकाळी घातलं तर दुपारपर्यंत भिजून लगदा होतो आणि खमंगपणा जातो. छोट्या डबीत वेगळं द्या, खाताना वरून घालायचं. भाजलेल्या तिळाचं किंवा जवसाचं कूटही चालतं. जवसाचं कूट तर एका चमच्यात सैल ड्रेसिंग आवळून आणतं, पण जास्त घातलं तर बुळबुळीत होतं.

डबा भरताना

एवढं सगळं करूनही एकत्र कालवून दिलंत तर थोडं पाणी येईल. म्हणून आमचं ड्रेसिंग आता झाकणाच्या घट्ट वाटीत वेगळं जातं. वेगळी वाटी नको असेल तर ड्रेसिंग डब्याच्या तळाशी भरा, त्यावर सिमला मिरची आणि पनीर, मग पिळलेली काकडी आणि कोबी, सगळ्यात वर पानं. खाताना डबा उलटा करून हलवायचा. वरून ओतलेलं ड्रेसिंग सहा तास प्रत्येक फोडीला चिकटून बसतं, तळाचं तसं बसत नाही. पनीर आधी कापडावर टिपून घ्या, पाण्यात ठेवलेलं पनीर दुपारपर्यंत पाझरत राहतं. एप्रिल-मेमध्ये डब्याशेजारी बर्फ झालेली पाण्याची छोटी बाटली ठेवा, दह्या-पनीरचा डबा उन्हाळ्यात तसाच उघड्या हवेत दुपारपर्यंत राहू देऊ नका. बर्फाची बाटली ड्रेसिंगच्या वाटीला थेट टेकवू नका. चक्का गोठला तर सुटताना पाणी सोडतो आणि दाणेदार होतो.

हे सगळं बसल्यावर काही दिवस आमचा डबा कोरडा येत होता, आणि एका सोमवारी पुन्हा पाणी. दही तेच, काकडी पिळलेली, ड्रेसिंग वेगळं. बरंच विचारल्यावर कळलं, यांच्या टेबलावर चाट मसाल्याची डबी आली होती. अकराच्या चहाला डबा उघडून हे त्यावर मसाला भुरभुरून ठेवत होते, मुरेल म्हणून. चाट मसाल्यात मीठ चांगलंच असतं, दोन तासांत त्याने उरलंसुरलं पाणी ओढून काढलं. आता मसाला जेवायला बसल्यावर पडतो.

पावसाळ्यात गावाकडून तवसं, म्हणजे जाड सालीच्या मोठ्या काकड्या येतात. त्यांना अर्धा तास पुरत नाही. गर सगळा काढा, मीठ लावून पाऊण तास ठेवा, आणि पिळल्यावर फोडी दहा मिनिटं कोरड्या कापडावर पसरून मगच डब्यात भरा.